ताईला विमानात बसवण्याआधी

सोलापूरला गेले होते म्हटलं की आमच्या नागपुरात लोक विचारतात, चादरी आणल्या का? मी या हिवाळ्यात तिथे दोन आठवडे राहून आले आणि चादर एकही आणली नाही. मी गेले होते विमान उडवायला. हे ऐकून विचारणारा एक तर गप्प होतो, नाही तर पुन्हा पहिल्यापासून विचारतो. म्हणून सगळं एकदाचं लिहूनच काढते आहे.

विमानाचं लायसन्स माझ्याकडे कॉलेज संपल्यापासून आहे. त्या वेळी फ्लाइंग क्लबात सवलतीत शिकता येत असे आणि मुलगी म्हणून मला कुणी दारातून परत पाठवलं नाही. पुढे मी पदार्थविज्ञानाची प्राध्यापिका झाले, लग्न झालं, मुलगी झाली. उडणं ही हौस होती, ती अधूनमधून चालू राहिली. मग आमच्या क्लबाचं एकुलतं विमान दुरुस्तीला गेलं आणि ते परत येण्याचं नाव घेईना. अशात कळलं की दुसऱ्या एका क्लबानं सोलापूरच्या विमानतळावर हिवाळ्यापुरतं शिबिर भरवलं आहे. एक विमान, एक इन्स्ट्रक्टर. सोलापूरला माझी थोरली बहीण राहते, वत्सलाताई. मी रजा टाकली ती तिच्यासाठी.

ताईला अंधारात दिसत नाही, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता दिवसाची नजरही कडेकडेनं मिटत येणार. मधलं स्पष्ट दिसेल, पण त्याचा घेर लहान लहान होत जाईल. किती वर्षांत, ते त्यांनाही सांगता येईना. हे कळल्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच होतं. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, तिला मी एकदाही विमानात बसवलं नव्हतं. आता उशीर करून चालणार नव्हतं.

सोलापूर

मनमाडला एक आणि दौंडला एक अशी गाडी बदलून सकाळी सोलापूरला उतरले. स्टेशनवर दाजी आले होते. दाजी म्हणजे ताईचे यजमान. आम्ही नागपूरकडे बहिणीच्या नवऱ्याला भाऊजी म्हणतो. इथे तसं म्हटलं की लोक हसतात, म्हणून ताईच्या लग्नानंतर वर्षभरातच ते माझे दाजी झाले. मूळचे करकंबचे, शेतकऱ्याच्या घरातले. आता इथल्या एका कापडगिरणीत टाइमकीपर आहेत. उंच, सावकाश बोलणारे, आणि माझी बॅग कुणाला उचलू न देणारे.

"आलीस व्हय? ही कालपासनं चूल थंड होऊ देईना," ते म्हणाले.

घर होटगी रोडच्या बाजूला. ताई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मान किंचित हलवून पुन्हा पाहिलं, आणि मग हसली.

"घाबरू नकोस. एकदम सगळी दिसत नाहीस. आधी कपाळ, मग नाक, मग हनुवटी. जोडून घेते."

हे तिनं अगदी सहज सांगितलं. चहा ओततानाही तसंच. आधी कपाची कड शोधायची, तिच्यावर नजर ठेवायची, मग किटली. बशी मात्र तिच्या नजरेबाहेर राहायची आणि हात लागून खणखणायची. घरात ती बिनचूक वावरत होती. पण मला दुसऱ्या दिवशी कळलं की ती वर्षभर घराबाहेर जवळजवळ पडलेलीच नव्हती. बाजारात माणसं अंगावर येतात, सायकली येतात, धक्का लागला की लोक म्हणतात, दिसत नाही का. "खरंच दिसत नाही, हे त्यांना काय सांगायचं?" ती म्हणाली. त्यापेक्षा घर बरं.

जेवायला कडक भाकरी होती. बाजरीची, पापडासारखी कडकडीत, महिनाभर टिकणारी. आमच्याकडे भाकरी तव्यावरून ताटात पडली तरच भाकरी. इथे ती गठ्ठ्यानं रचून ठेवतात. मी घास तोडायला गेले तर तुकडा उडून दाजींच्या वाटीत पडला. त्यांनी मला शिकवलं: चुरायची, वर आमटी घालायची, ती मऊ होईस्तोवर दम धरायचा. सोबत शेंगदाण्याची चटणी, तेल सुटलेली, लाल. नागपूरचं तिखट पचवलेली मी, तरी पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं.

जेवता जेवता मी विषय काढला. ताईचा हात मध्येच थांबला.

"मला? विमानात?"

"माझ्या शेजारी. मी चालवणार."

ताई काही बोलण्याआधी दाजी म्हणाले, "न्हाय. ते काय जमायचं न्हाय." आणि पाणी प्यायला उठले.

होटगी रोडचा विमानतळ

विमानतळ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं, ते इथे काही नाही. एक लांब धावपट्टी, एक बैठी इमारत, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आणि चारी बाजूंना शाळू. ज्वारीची ही हिवाळी जात. कणसं भरत आलेली, आणि वारा आला की सगळं शेत एका अंगावर कलतं. पट्टीच्या कडेला आमचं विमान उभं होतं, पुष्पक. नाव रामायणातलं, पण अंगावर कापड ताणलेलं, दोन माणसांचं, शेजारी शेजारी बसायचं. पंख डोक्यावर आणि शेपटीखाली एक छोटं चाक. ते पाहिल्यावर मला शाळेतली मैत्रीण भेटल्यासारखं झालं.

इन्स्ट्रक्टर इनामदार सर हवाई दलातून निवृत्त झालेले. बारीक अंगाचे, पांढरी मिशी, डोक्यावर कायम गोल्फची टोपी. त्यांनी माझं लायसन्स पाहिलं, डॉक्टरी दाखला पाहिला, लॉगबुक उलटं सुलटं चाळलं.

"लायसन्स ठीक. मेडिकल ठीक. कशासाठी आलात?"

"बहिणीला एक फेरी मारून आणायची आहे."

"नाही आणता येणार."

मी लायसन्सकडे बोट दाखवलं.

"लायसन्स म्हणजे तुम्हाला उडता येतं, एवढंच," ते म्हणाले. "प्रवासी बसवायचा तर नियम वेगळा. अलीकडच्या काही महिन्यांत तुम्ही स्वतः, वैमानिक म्हणून, ठरावीक वेळा उडालेल्या आणि उतरलेल्या पाहिजेत. तुमचं शेवटचं उड्डाण केव्हाचं आहे ते तुम्हीच वाचा."

मी वाचलं नाही. मला माहीत होतं.

"म्हणजे मी उडायचंच नाही?"

"उडा ना. एकट्या उडा. त्याला मनाई नाही." त्यांनी टोपी सारखी केली. "स्वतःचा जीव तुम्ही पणाला लावू शकता, तो तुमचा आहे. शेजारी बसणारा माणूस तुमच्या भरवशावर बसतो. त्याला काय माहीत तुमचा हात गंजलाय की नाही? म्हणून आधी एकट्यानं हात साफ करायचा, मग दुसऱ्याला बसवायचं. आणि एकटीला सोडण्याआधी मी शेजारी बसून बघणार. ते माझ्या समाधानासाठी."

मला राग आला होता, हे लपवत नाही. इतकी वर्षं उडते आहे मी! पण विमानात बसले, आणि पहिल्याच उतरण्यात राग कुठल्या कुठे गेला. पट्टी जवळ आली, मी नाक उचलायला दांडी मागे घेतली ती थोडी लवकर. विमान टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं. शेपटीचं चाक असलेलं विमान जमिनीवर आलं तरी निवांत होत नाही. त्याची शेपूट पुढे यायला बघते, आणि पायांनी ती सतत धरून ठेवावी लागते. माझे पाय उशिरा जागे झाले. आम्ही पट्टी सोडून गवतात गेलो आणि थांबलो.

इंजिनाच्या आवाजात सर ओरडले, "हं. आता कळलं नियम कुणासाठी आहे?"

त्या दिवशी आम्ही पुन्हा पुन्हा उडालो. शेवटची दोन उतरणं बरी झाली. बरी म्हणजे, सर काही बोलले नाहीत. कुंपणापलीकडून विडीकारखान्यातून सुटलेल्या बाया चालल्या होत्या, आपसात तेलुगूत बोलत. मी खाली उतरून डोक्याचा रुमाल सोडला तशा थबकल्या. एकीनं मोठ्यानं विचारलं, "बाई चालवत होती काय?" मी हो म्हटलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि सगळ्या जणी इतक्या हसल्या, की मीही हसले. थट्टेचं हसणं नव्हतं ते.

घरी आले तेव्हा ताईनं विचारलं, "जमलं?"

"नाही जमलं अजून."

"जमेल की," ती म्हणाली आणि भाकरी चुरून माझ्यापुढे ठेवली.

अक्कलकोट

दुसऱ्या दिवशी विमानाचं टायर बसलं. नवीन ट्यूब पुण्याहून यायची होती. रविवार होता, दाजींना सुट्टी. ते म्हणाले, अक्कलकोटला जाऊन येऊ. ताईला किती म्हटलं तरी ती आली नाही. "गर्दी असते," एवढंच म्हणाली.

एस.टी.त अर्ध्या वाटेपासून बोलणं बदलत जातं. कंडक्टर पैसे मराठीत मागतो आणि सुटे नाहीत म्हणून कानडीत भांडतो. अक्कलकोटला स्वामींच्या मठात दर्शन घेऊन आम्ही एका खानावळीत शिरलो. "बर्री, कूड्री," मालकीणबाईंनी कानडीत बसायला सांगितलं आणि माझा चेहरा पाहून लगेच मराठीवर आल्या, "या, बसा की. नवीन हायसा वाटतं?" दोन्ही भाषा त्यांच्या तोंडात अशा होत्या जशी एका घरातली दोन दारं. आमच्या सीमेवर हिंदी आहे, आम्हीही मिसळतो. पण आम्ही मिसळतो आणि मग कुणीतरी आम्हाला टोकतं. इथे कुणी टोकताना दिसलं नाही.

जेवण झालं. दाजी सुपारी कातरत बसले होते. कातरता कातरता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "नलू, एक बोलू का?"

"बोला ना."

"तू तिला न्यायचं डोक्यातनं काढ. ती तुझ्या शब्दाबाहेर न्हाय. तू म्हटलीस तर बसंल. पन तिला काय झालं वर, तर मी काय करायचं? मी खाली उभा. मला तर हात पन लावता यायचा न्हाय."

मी म्हटलं, "मी आहे ना तिच्या शेजारी."

"तू हायस. पन काल तूच सांगितलंस, सर म्हनले अजून न्हाय. म्हंजे तू विसरलीस व्हय?"

खोटं बोलून काही फायदा नव्हता. मी त्यांना सगळा नियम समजावून सांगितला. मी एकटी उडू शकते, पण कुणाला बसवू शकत नाही, आणि का. ताईला बसवायचं तर आधी मला एकटीनं पुन्हा पुन्हा उडून, उतरून दाखवावं लागेल. गवतात गेलेलं विमानही सांगितलं.

दाजींची सुपारी तशीच राहिली.

"आसा नियम हाय?"

"आहे."

"म्हंजे सरकारला पन कळतंय की, कुनाच्या बायकोला कुनी बी उचलून न्यायचं न्हाय." खानावळीच्या दारात एक बैलगाडी थांबली होती, तिच्याकडे ते बघत होते. मग म्हणाले, "मी येतो बघायला. तू एकटी उडशील तेव्हा. माझ्या डोळ्यांनी बघतो. मग बोलू."

परतीच्या गाडीत मला पहिल्यांदा भीती वाटली. सरांच्या समोर परीक्षा देणं निराळं. दाजींच्या समोर देणं फार अवघड होतं. त्यांना विमानातलं काही कळत नव्हतं, म्हणजे ते फक्त मलाच बघणार होते.

एकटी

ट्यूब आली. आणखी एक सकाळ सर माझ्या शेजारी बसले. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी दार उघडलं, खाली उतरले, आपला पट्टा बांधून ठेवला, म्हणजे तो दांडीत अडकायला नको, आणि जा म्हणून हात हलवला. दार लागलं.

शेजारची जागा रिकामी झाली की विमान हलकं होतं. ते लवकर उचलतं, चटकन वर जातं. पहिल्यांदा एकटी उडाले होते तेव्हा मी गाणं म्हटलं होतं. या वेळी म्हटलं नाही. कुंपणाशी दाजी उभे होते, गिरणीतून अर्धा दिवस सुट्टी काढून, पांढरी टोपी घालून. वरून ते बोटाच्या पेराएवढे दिसत होते, पण टोपीमुळे ओळखू येत होते.

पहिलं उतरणं चांगलं झालं. दुसरंही. तिसऱ्याला मी पट्टीच्या सरळ रेषेत आले, इंजिन कमी केलं, आणि समोर पाहते तो म्हशी. शाळूतून निघून सात-आठ म्हशी सावकाश पट्टी ओलांडत होत्या, आणि मधली एक पट्टीच्या बरोबर मध्यावर उभी राहून माझ्याकडे बघत होती. चौकीदार शिवाप्पा काठी घेऊन धावत होता आणि कानडीत त्या म्हशीला तिच्या सगळ्या खानदानासकट बोलत असावा.

इथे विचार करायला वेळ नसतो, आणि विचार करावा लागला तर हात साफ नाही असं समजावं. माझा हात आपोआप पुढे गेला, इंजिन पूर्ण उघडलं, नाक जरा थोपवून धरलं, वेग आला तसं विमान वर घेतलं. म्हैस खालून मागे गेली. ती हललीसुद्धा नाही. वर जाऊन मोठं वळण घेताना लक्षात आलं की माझी छाती धडधडत होती, पण हातपाय शांत होते. पहिल्या दिवशी नेमकं उलटं होतं.

फिरून आले तोवर पट्टी मोकळी झाली होती. उतरले. तिन्ही चाकं एकदम टेकली, आणि विमान सरळ रेषेत धावत जाऊन थांबलं.

नियमात लागणारी सगळी उतरणं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून पुरी झाली. सरांनी लॉगबुकात सही केली आणि म्हणाले, "आता हरकत नाही. बोलवा बहिणीला." मग जरा थांबून, "काल म्हैस बघून परत वर गेलात, ते बरं केलंत. पुष्कळ जण हट्टानं उतरतात."

दाजी दुसऱ्या दिवशीही आले होते, सायकल धरून उभे होते. मी जवळ गेले. त्यांनी बराच वेळ मला न्याहाळलं.

"ती कालची म्हस," ते म्हणाले, "तू बघितलीस आणि वर गेलीस."

"हो."

"मला वाटलं, आता ही उतरनार. माझा जीव हितं आला हुता." त्यांनी गळ्याला हात लावला. "ठीक हाय. उद्या घिऊन येतो तिला."

सोलापूरवरून

ताई आली ती हिरवी इरकली साडी नेसून, वेणीत शेवंती. जणू कुणाच्या लग्नाला निघाली होती. विमानाला तिनं आधी हात लावून पाहिला, पंखाला, कापडाला, चाकाला. "कापडच की गं हे," ती म्हणाली, "शिवलेलं." सरांनी तिला चढवलं, पट्टा बांधला. दाजी तिच्याकडच्या दाराशी उभे होते. तिनं त्यांना सांगितलं, "जावा तिकडं सावलीत. उन्हात उभं राहू नका." क्लबाच्या मेकॅनिकनं पुढचा पंखा हातानं फिरवला, इंजिन फडफडलं, पकडलं.

पट्टीच्या टोकाला थांबून मी तिला ओरडून विचारलं, "भीती वाटते?"

"वाटतेय की!" तीही ओरडली. "जा!"

विमान उचललं तेव्हा तिनं सीटची कड दोन्ही हातांनी धरली. शाळूची शेतं खाली गेली, होटगीचं तळं एका बाजूला चमकलं. गावावरून कमी उंचीवर उडायचं नसतं, म्हणून मी उंची घेत घेत उत्तरेकडे वळले. हवा स्वच्छ होती. थंडीतली सकाळ, धूळ बसलेली. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. कपाळ काचेला टेकवून खाली बघत होती. मला वाटलं, हिला काही दिसत नाही. एवढं सगळं केलं आणि हिच्या हाती काहीच लागलं नाही. मी विचारायलाही धजेना.

मग तिनं माझ्या दंडाला हात लावला.

"नलू, ते पाणी कसलं? मधे देऊळ आहे ते?"

"सिद्धेश्वराचं तळं!"

"आणि हा बाजूला किल्ला?"

"हो!"

"आणि ही धुराडी गिरण्यांची. यांची गिरणी कुठली, ती?" तिनं बोट दाखवलं, आणि बरोबर दाखवलं. मग ती माझ्याकडे वळली. "अगं, मी मान फिरवली नाही! सगळं एकदम दिसतंय. तळं, देऊळ, किल्ला, गिरण्या. मावतंय सगळं!"

क्षणभर मला ती काय म्हणते ते समजलं नाही. आणि समजलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. मी दर वर्षी वर्गात फळ्यावर ती आकृती काढते: डोळ्यापासून निघालेल्या दोन रेषा, पुढे पुढे एकमेकींपासून लांब जाणाऱ्या. जवळ धरलं तर त्या दोन रेषांत एक हनुवटीसुद्धा मावत नाही. पण लांब गेलं, उंच गेलं, तर त्याच दोन रेषांत अख्खं गाव मावतं. घेर तोच, लहान झालेला. मी आयुष्यभर हे शिकवलं आणि माझ्या बहिणीच्या बाबतीत मला ते सुचलं नव्हतं. मी तिला दिसेनासं होण्याआधी काहीतरी दाखवायला आणलं होतं. तिला मात्र वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी पुरतं दिसत होतं.

मी तिच्या बाजूला वळण घेतलं, म्हणजे विमान तिच्या अंगाला कलून खालचं सगळं तिच्यापुढे येईल. नंतर आम्ही गाव सोडून बाहेर आलो. माळावर जागोजागी पाणी चकाकत होतं.

"ही एवढी तळी कुठून आली?"

"दुष्काळात खणली ती! रोजगार हमीची, पाझर तलाव!"

ती पुन्हा काचेला टेकली. शेजारच्या आळीतल्या बाया दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत उन्हात टोपल्या वाहायला जात, तेव्हा ताई त्यांच्या पोरांना घरी सांभाळत असे. हे तिनं मला कधीतरी पत्रात लिहिलं होतं. आता ती एकेक तळं बोटानं मोजत होती, आणि मध्येच मोजणं सोडून नुसतीच हसली. "सांगते त्यांना जाऊन," ती म्हणाली.

उतरताना मी तिला म्हटलं, आता बोलू नकोस. ती बोलली नाही. वारा जरा बाजूनं होता. मी पंख एका अंगाला थोडा झुकवून धरला, पायांनी नाक सरळ ठेवलं. एक चाक टेकलं, मग दुसरं, मग शेपूट. ताईचं अंग पुढे मागे झालं, तेवढंच. इंजिन बंद केल्यावर इतकी शांतता झाली की शाळूवरून येणारा वारा ऐकू आला.

दाजी सावलीत नव्हते. उन्हातच होते, आमच्याकडे पाठ करून. सर नंतर म्हणाले, तुम्ही उडालात तेव्हापासून ते तसेच उभे होते, एकदाही वर पाहिलं नाही. ताई उतरली आणि सरळ त्यांच्या दिशेनं चालू लागली, हिरवा पदर वाऱ्यावर धरत. ते वळले.

"काय दिसलं गं?" त्यांनी विचारलं.

आणि ताई सांगू लागली. तळं आधी, मग किल्ला, मग गिरण्या. रस्त्यावर येईपर्यंत सांगत होती, रिक्षात सांगत होती. दाजी मध्ये मध्ये विचारत, "आपली गिरनी वरनं मोठी दिसती का बारकी?" आणि ती सांगे, "बारकी. काड्यापेटीएवढी. पण तुमचं धुराडं सगळ्यात उंच." मी एका कडेला बसले होते. माझ्याशी दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही, आणि मला ते फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी, उजेड असतानाच, ताईनं चपला घातल्या. शेजारच्या आळीत जायचं म्हणाली, त्या बायांकडे. मी हात धरला. वाटेत एक सायकल घंटा वाजवत अंगावरून गेली. ताई थबकली, सायकल जाऊ दिली आणि पुन्हा चालू लागली.

निघताना

माझ्या शेवटच्या दिवशी दाजींच्या ओळखीच्या शेतात हुरडा झाला. शाळूची कोवळी कणसं शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात भाजून, हातावर चोळून, गरम गरम. आमच्याकडेही हुरडा होतो. पण इथे त्याबरोबर ती लाल चटणी येते, आणि माझ्या डोळ्यांना अजून सवय झाली नव्हती. ताई सगळ्यांच्या मधे बसली होती आणि विमानाची गोष्ट पुन्हा सांगत होती. आता तिच्यात म्हैसही आली होती, जी तिनं पाहिलीच नव्हती.

दाजी स्टेशनवर पोचवायला आले. गाडी लागली, बॅग त्यांनीच वर ठेवली, खिडकीतून कडक भाकरीचं पुडकं आत दिलं. मग खिडकीचा गज धरून उभे राहिले.

"नलू, ती मानसं बसवायची परवानगी तुला मिळाली, ती किती दिस चालती?"

मी म्हटलं, "उडत राहिले तर संपत नाही. बरेच महिने उडाले नाही तर पुन्हा पहिल्यापासून."

दाजींनी मान हलवली. गाडीनं शिट्टी दिली. ते दोन पावलं गाडीबरोबर चालले.

"मग थांबू नकोस," ते म्हणाले. "पुढच्या हुरड्याला ये. हिनं सांगितलेलं सगळं मला एकदा बघून यायचं हाय."